कॅसल रॉकमध्ये कुठून शिरायचं?

कॅसल रॉक म्हणजे स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांतलं, अमेरिकेतल्या मेन राज्यातलं काल्पनिक गाव. तिथे शिरताना 'नीडफुल थिंग्ज'पासून सुरुवात करू नकोस रे. मी तेच केलं आणि पस्तावलो. १९९१च्या त्या कादंबरीत स्टीफन किंग कॅसल रॉकचा निकालच लावतो. गाव ओळखीचं नसेल तर त्याची वाट लागताना आपल्याला काय वाटणार? आधी 'द डेड झोन' (१९७९), लगेच 'कुजो'. दोन्हींत शेरीफ बॅनरमन आहे, त्याच्यावर लक्ष ठेव. जास्त सांगत नाही. मग 'द डार्क हाफ', तिथे नवा शेरीफ पँगबॉर्न भेटतो.

डेरी हे किंगचंच, पण निराळं गाव, बरं का. मेन राज्यातलंच, पण गल्लत नको. तिथे आधी 'इट', जाडजूड असलं तरी. मगच '११/२२/६३': १९५८च्या डेरीत दोन पोरं नाचाचा सराव करताना दिसतात. ती कोण हे ओळखलंस की पुढचं पान उलटायला हातच उचलत नाही.