गरोदरपणात जिममधील स्पिनिंगसारखे (स्थिर सायकलवर वर्गात सर्वांनी मिळून केलेले) जोरदार सायकलिंग चालू ठेवता येते का?

गर्भधारणेपूर्वीपासून नियमित सायकलिंग करणाऱ्या आणि गरोदरपणात कोणतीही गुंतागुंत नसलेल्या स्त्रीला, डॉक्टरांच्या संमतीने, ते बहुधा चालू ठेवता येते. मात्र ज्यांनी आजवर व्यायामच केलेला नाही त्यांनी याच काळात स्पिनिंगने सुरुवात करू नये. जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रियांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम सुचवते, आणि एका जागी स्थिर असलेल्या सायकलवरून पडण्याची भीती कमी असल्याने ती त्यासाठी सोयीची ठरते.

खरी काळजी घ्यायची ती उष्णतेची, कारण बंद खोलीत शरीर लवकर तापते आणि पहिल्या तिमाहीत शरीराचे तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास बाळाच्या मज्जारज्जूच्या विकासाला धोका संभवतो. म्हणून पंखा आणि पुरेसे पाणी हवेच. गरोदरपणात विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोकेही वाढलेले असतात, त्यामुळे घड्याळावरील आकड्यापेक्षा पॅडल मारताना सलग बोलता येते का, ही कसोटी मला अधिक भरवशाची वाटते. वर्गातील इतरांशी चढाओढ तर नकोच.

पोट वाढू लागले की हँडल उंच करावे आणि उभे राहून पॅडल मारणे टाळावे. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे, पोटात नियमित कळा किंवा पोटरीला सूज जाणवल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना गाठावे. वार (प्लॅसेंटा) खाली असणे, गर्भपिशवीचे तोंड सैल असणे किंवा गरोदरपणातील उच्च रक्तदाब असल्यास हा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये.