इंजिन बदललं, ब्रेकचं काय? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पत्रं बदलतात, मजकूर तोच. ताकदवान इंजिन बसवलं, गाडी पळते झकास, पण ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं. कोणता बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा, पेडलपुढचा गोल डबा) घेऊ? सोबत इंजिनचे, चाकांचे, एक्झॉस्टचे फोटो असतात. व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनच्या शोषणामुळे तयार होणारा कमी दाब, मोजणाऱ्या गेजचा आकडा मात्र कुणीच कळवत नाही. त्या आकड्याशिवाय बूस्टर सुचवणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं.

प्रश्न : जुन्या सहा सिलिंडर इंजिनाच्या जागी मोठ्या ओव्हरलॅपचा कॅमशाफ्ट असलेलं व्ही-८ बसवलं. सिग्नलला थांबताना पेडल कडक होतं. मित्र म्हणतो, मोठा बूस्टर टाक, काम होईल. खरं का?

अर्धं खरं आहे. बूस्टरमधला पडदा एका बाजूने वातावरणाचा दाब आणि दुसऱ्या बाजूने इंजिनचा व्हॅक्यूम, या फरकावर ढकलला जातो. साधं पेट्रोल इंजिन आयडलिंगला १८ ते २१ इंच पारा इतका व्हॅक्यूम देतं. तुमच्यासारख्या, म्हणजे हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप जास्त वेळ एकदम उघडी ठेवणाऱ्या कॅमशाफ्टवर तो ८-१० इंचांवर येतो. २०० मिलिमीटरचा एकेरी पडदा २० इंचांवर कागदोपत्री साधारण २१५ किलो जोर देतो, ९ इंचांवर जेमतेम ९७. पडदा मोठा किंवा दुहेरी केला तर जोर वाढतो, इथवर मित्र बरोबर. पण मोठ्या बूस्टरमधून दर दाबाला जास्त हवा उपसावी लागते आणि तुमचं इंजिन ती सावकाश उपसतं. पहिला ब्रेक मऊ लागेल, लागोपाठचा तिसरा पुन्हा दगड.

म्हणून आधी मोजा. बूस्टरच्या नळीत टी-जोड घालून गेज लावा. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे चालू, ऑटोमॅटिक असेल तर गिअरमध्ये आणि चाकांना अडसर लावून. आयडलिंगचा आकडा लिहा. मग पेडल तीनदा भराभर दाबा. काटा कितीवर पडतो आणि पूर्ववत यायला किती सेकंद घेतो तेही लिहा. १६ इंचांच्या वर असाल तर दोष बहुधा बूस्टरमध्ये, चेक व्हॉल्व्हमध्ये (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेत) किंवा नळीत आहे. १२ ते १६ मध्ये दुहेरी पडद्याच्या बूस्टरवर भागू शकतं. १२ च्या खाली व्हॅक्यूमचा स्वतंत्र पंप किंवा हायड्रॉलिक मदत, याला पर्याय नाही. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर चढाला साधारण एक इंच कमी धरा, म्हणजे डोंगरात राहणाऱ्याने सपाटीवरच्या माणसाचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

आणि खरेदीआधी इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासून घ्या. नव्याने बसवलेल्या इंजिनात मॅनिफोल्ड गॅस्केटची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग सहज दोन-तीन इंच खातं. आकडे घेऊन ब्रेकचं काम करणाऱ्या जाणकाराकडे जा. नुसते फोटो घेऊन नको.

प्रश्न : व्हॅक्यूमची टाकी लावली तर पंपाचा खर्च वाचेल का?

टाकी व्हॅक्यूम तयार करत नाही, साठवते. इंजिन ९ इंच देत असेल तर टाकीतही ९ इंचच. थ्रॉटल सोडून उतरताना व्हॅक्यूम वाढतो, तेवढा चेक व्हॉल्व्हमुळे टाकीत अडकून राहतो, हे खरं. पण रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकताना तो मिळत नाही, आणि पेडल कडक होण्याची तक्रार नेमकी तिथलीच असते. चकचकीत ॲल्युमिनियमच्या टाकीवर ‘पॉवर ब्रेक किट’ असं छापलेलं असतं म्हणून ती किट होत नाही.

प्रश्न : टर्बो लावलाय. बूस्टचा दाब ब्रेक बूस्टरमध्ये शिरेल का?

चेक व्हॉल्व्ह धड असेल तर नाही. टर्बोच्या दाबाला टिकणाराच घ्या आणि इंजिनच्या बाजूने फुंकून हवा पलीकडे जात नाही ना, हे बघा.

प्रश्न : बूस्टरला कोणती नळी? दुकानदाराने इंधनाची दिली.

परत करा. आतून १०-१२ मिलिमीटरची, ब्रेक व्हॅक्यूमसाठीच बनवलेली नळी हवी. दुसरी नळी इंजिनच्या उष्णतेने मऊ पडू शकते आणि आतल्या आत चपटी होते. बाहेरून बघावं तर धडधाकट. जोड प्लेनमच्या (सगळ्या सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पोकळीच्या) मध्यावर घ्या, एकाच सिलिंडरच्या रनरवर (हवेच्या वाटेवर) नको.

प्रश्न : इंजिन बे साफ दिसावा म्हणून बूस्टर काढून टाकतोय. रेसच्या गाड्यांना कुठे बूस्टर असतो? मास्टर सिलिंडर चांगला आहे, तोच ठेवणार आहे.

तोच ठेवणार असाल तर गाडी रस्त्यावर काढू नका.

बूस्टर म्हणजे इंजिनकडून उसना घेतलेला पायाचा जोर. तो काढला की तेवढा जोर दुसरीकडून आणावा लागतो, आणि आणायच्या मुख्य जागा दोन : पेडलचा रेशो (तरफेचं प्रमाण) आणि मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या नळकांड्याचा, बोअर (आतला व्यास). बूस्टरच्या गाडीत पेडल रेशो चारच्या आसपास असतो, बोअर २५.४ मिलिमीटर किंवा वर. बिनबूस्टरच्या गाडीत रेशो सहा ते सात आणि बोअर २२-२४ मिलिमीटर. रेशो मोजणं सोपं आहे. पेडल ज्यावर फिरतं त्या खिळीपासून पाय ठेवायच्या पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले खिळीपासून पुशरॉडच्या (पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्याच्या) भोकापर्यंतचं अंतर. ३०० भागिले ७५ म्हणजे ४.

आता हिशोब मांडा. पायाने ५० किलो जोर लावलात. हा आकडा हवेतला नाही. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकसाठीच्या आर १३-एच या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात चाचणीवेळी पायाच्या जोराची मर्यादा ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५१ किलो आहे. चारच्या रेशोने पुशरॉडवर २०० किलो. २५.४ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर. दाब झाला ३९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. कोरड्या रस्त्यावर टायर सुटायच्या सीमेपर्यंत न्यायला बऱ्याच डिस्क ब्रेकच्या गाड्यांना ७०-८० लागतात. म्हणजे पेडलवर उभे राहिलात तरी निम्माच ब्रेक. आता भोक खिळीपासून ४८ मिलिमीटरवर घेतलं आणि बोअर २२.२ केला : रेशो ६.२५, पुशरॉडवर ३१२ किलो, क्षेत्रफळ ३.८७, दाब ८०. तोच पाय, दुप्पट दाब.

पण फुकट काही मिळत नाही. पहिल्या रचनेत पेडल १२० मिलिमीटर गेलं की पिस्टन ३० मिलिमीटर सरकतो आणि साधारण १५ घनसेंटिमीटर ब्रेक ऑइल ढकलतो. दुसऱ्या रचनेत पिस्टन १९ मिलिमीटर, ऑइल साडेसात घनसेंटिमीटरही नाही. तुम्ही हौसेने सहा पिस्टनचे मोठे कॅलिपर लावले असतील तर त्यांची तहान भागण्याआधी पेडल गाडीच्या तळाला टेकेल. मग सगळे म्हणणार, ‘हवा राहिली असेल.’ हवा नाही, गणित राहिलं.

आणखी तीन गोष्टी, ज्या भाग विकणारे सांगत नाहीत. एक, बूस्टरवर बसणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमधला खळगा बहुधा उथळ असतो. बिनबूस्टरच्या लांब पुशरॉडला तो धरून ठेवत नाही. पेडल झटक्यात सुटलं तर रॉड निसटून खाली पडू शकतो आणि पुढच्या वेळी पाय थेट तळावर. खोल खळग्याचा किंवा रॉड अडकवून ठेवणारा सिलिंडरच घ्या. दोन, भोक वर सरकवलं की पुशरॉड तिरका होतो. ब्रेक दाबलेल्या स्थितीत तो सिलिंडरशी जवळजवळ सरळ रेषेत यायला हवा, नाहीतर पिस्टन एका बाजूने घासत जातो. वेगळा कंस (ब्रॅकेट) करवून, सिलिंडर वर सरकवून हे साधावं लागतं. तीन, एकाने पेडल जोरात दाबावं आणि दुसऱ्याने फायरवॉलचा (इंजिन आणि केबिन यांच्यामधला) पत्रा बघावा. मास्टर सिलिंडर पुढे डुलताना दिसला तर तुमच्या पायाचा जोर पत्रा वाकवण्यात जातोय. मागून जाड पट्टी हवी.

रेसच्या गाडीचं म्हणाल, तर तिथे पेडल, दोन मास्टर सिलिंडर, बॅलन्स बार (पुढच्या-मागच्या ब्रेकांत जोर वाटणारा दांडा) आणि पॅड हे सगळं एकत्र हिशोबाने बसवलेलं असतं. त्यातलं ‘बूस्टर नाही’ एवढंच उचलून आणायचं, याला नक्कल म्हणतात. पेडलला भोक पाडण्याआधी आणि वेल्डिंगच्या आधी तर नक्कीच, ही सगळी मापं ब्रेकची रचना करणाऱ्या माणसाला दाखवा. ब्रेकच्या पेडलवर हौशी वेल्डिंग नको.

प्रश्न : टर्बोच्या पाइपमुळे बूस्टरला जागाच उरली नाही. हायड्रोबूस्ट कसा?

जागा कमी आणि व्हॅक्यूम कमी, दोन्ही असेल तर चांगला पर्याय. तो पॉवर स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबावर चालतो. डिझेल गाड्यांत जिथे थ्रॉटलच नसल्याने व्हॅक्यूम नाही, तिथेही तो सर्रास असतो. पण नव्या इंजिनावर पंप आहे का? इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीतून आलेल्या इंजिनावर नसतो, आणि हे हायड्रोबूस्ट विकत घेतल्यावर लक्षात येतं.

जोडणी अशी : पंपाची दाबाची नळी आधी हायड्रोबूस्टला, तिथून स्टिअरिंगला. परतीच्या नळ्या दोन, टाकीत दोन वेगळ्या जागी. एकाच नळीत दोन्ही कोंबल्या की परतीचा दाब चढतो आणि ब्रेक आपोआप धरायला लागतात. यात पॉवर स्टिअरिंगचं तेल, मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल. एकाचा थेंब दुसऱ्यात गेला तर रबरी सील फुगतात आणि सगळे बदलावे लागतात. हवा काढताना पुढची चाकं उचला, इंजिन चालू न होऊ देता थोडं थोडं फिरवा, मग सुरू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवत पेडल दाबा. तेलावर फेस आला तर थांबा, तासभर बसू द्या. अक्युम्युलेटरमध्ये (हायड्रोबूस्टचा दाब साठवणाऱ्या डब्यात) इंजिन बंद असतानाही दाब असतो; नळी सोडण्यापूर्वी पेडल वीसेक वेळा दाबून तो रिकामा करा. अक्युम्युलेटर स्वतः उघडू नका.

प्रश्न : इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप सतत घरघरतो.

एकतर गळती आहे, नाहीतर व्हॅक्यूम स्विच नाही किंवा चुकीचा आहे. साधारण १५ इंचांवर सुरू, २० वर बंद, असा फरक हवा. सतत चालवायला ते पंप बनलेले नसतात. रिले आणि फ्यूज स्वतंत्र ठेवा, आणि डॅशवर कमी व्हॅक्यूमचा दिवा लावा. पंप कधी मेला हे पेडलवरून कळायला नको.

प्रश्न : नवा बूस्टर बसवल्यापासून पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की ब्रेक धरतात, थंड झाली की सुटतात. कॅलिपर दोनदा बदलले. तीन महिने असंच चालवतोय.

तीन महिने? आज गाडी उभी करा.

कॅलिपरचा दोष बहुधा नाहीच. बूस्टरमधून बाहेर येणारा पुशरॉड लांब पडला असणार. पेडल सोडल्यावर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, म्हणजे टाकीकडचं बारीक भोक उघडतं आणि गरम होऊन पसरलेलं ऑइल परत वर जातं. रॉड केसभर लांब असला तरी ते भोक झाकलेलं राहतं, ऑइलला जायला वाट नाही, दाब चढतो, पॅड घासतात, ऑइल आणखी तापतं. ब्रेक धरलेले असताना मास्टर सिलिंडरचे दोन नट काही आटे सैल करून सिलिंडर दोन मिलिमीटर पुढे घ्या. चाकं मोकळी झाली की गुन्हेगार सापडला. त्यानंतर रॉड आणि पिस्टन यांत साधारण अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवायची. जास्त ठेवली तर पेडलचा पहिला भाग पोकळ जातो. आधी पेडलकडच्या रॉडलाही थोडी मोकळीक आहे ना, हे बघा. ब्रेक लाइटचा स्विच पेडलला ढकलून ठेवत असेल तर तोच परिणाम होतो. तापलेल्या डिस्क आणि पॅड मात्र कार्यशाळेत तपासून घ्या, आणि ऑइल बदला. ते उकळून गेलेलं असणार.

प्रश्न : भंगारातल्या इलेक्ट्रिक गाडीचा आयबूस्टर मिळतोय. त्याला व्हॅक्यूम लागत नाही म्हणे.

लागत नाही, त्यात मोटर आहे. मूळ गाडीचे संदेश न देताही तो मर्यादित पद्धतीने मदत करतो, असं पाहून बरेच जण तो बसवतात. पण तो चांगल्या स्थितीत आहे का, अपघातात सापडला होता का, पाण्यात बुडाला होता का, हे भंगारवाला सांगणार नाही. बॅटरीवरून थेट जाड वायर, योग्य फ्यूज, पक्की अर्थिंग, हे किमान. स्टार्टर फिरताना व्होल्टेज किती पडतं ते मोजा. त्याच्या मास्टर सिलिंडरचे नळीचे आटे मेट्रिक असतात. जुन्या इंची आट्यांचा जोड दोन फेरे बसतो आणि मग आटे खाऊन टाकतो. एबीएस ठेवणार असाल तर वाहन-इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकाराशिवाय हात घालू नका.

प्रश्न : माझ्या गाडीत ‘ब्रेक असिस्ट’ आधीच आहे, मग बूस्टर कशाला?

ते वेगळं. घाबरून झटक्यात ब्रेक मारला तर दाब वाढवणारी ती यंत्रणा आहे. १९९६ मध्ये मर्सिडीझने आणली. ती बूस्टरची जागा घेत नाही.

प्रश्न : इंजिनची ताकद दुप्पट झाली, मग बूस्टरही दुप्पट हवा ना?

नाही. बूस्टर पायाचे कष्ट कमी करतो, गाडी थांबवतात ते टायर, आणि उष्णता झेलतात डिस्क. ताशी १०० ऐवजी १४० वरून थांबताना जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. पैसे आधी डिस्क, पॅड आणि ताज्या ब्रेक ऑइलवर घाला.

प्रश्न : ब्रेक ऑइल दर आठवड्याला कमी होतं. खाली थेंबही दिसत नाही. सुरू करताना एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो.

मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलंय. ऑइल बूस्टरमध्ये उतरतंय आणि इंजिन ते पितंय. सिलिंडर आणि बहुधा बूस्टरही बदलावा लागेल. गाडी ओढून न्या, चालवत नेऊ नका.