आमचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, सगळं फुकटच मिळतं. मग मार्केटिंग करायचं तरी कशाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघा मित्रांनी मिळून पोस्टग्रेस डेटाबेसचे बॅकअप घेणारं साधन लिहिलं, दीड वर्षापूर्वी कोड खुला केला, म्हणजे कुणालाही वाचता, वापरता, बदलता येईल असा ठेवला, आणि नऊशेच्या घरात स्टार (लोकांनी प्रकल्पाला लावलेल्या पसंतीच्या खुणा) मिळाले. आता नोकरी सोडून यावरच कंपनी उभी करायची आहे. जाहिरातीला पैसे नाहीत, तेव्हा पोस्ट कुठे कुठे टाकायच्या ते सांगा.

पोस्टचं शेवटी बघू. ते सगळ्यात सोपं काम आहे आणि त्याने सगळ्यात कमी फरक पडतो. मी अशाच एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या कंपनीत सहा वर्षं होतो. आधी कोड लिहायचो, मग 'तुला लोकांशी बोलता येतं' एवढ्या भांडवलावर मला मार्केटिंगला बसवलं. त्यामुळे खालचं बरंचसं ठेचा खाऊन शिकलेलं आहे.

आधी स्टारांबद्दल. स्टार म्हणजे 'कधीतरी वाचू' म्हणून दुमडून ठेवलेलं पान. डाउनलोडचा आकडाही तितकाच फसवा. कुणाच्या तरी बिल्ड सर्व्हरवर कोडमधल्या दर बदलाला तुमच्या साधनाची प्रत आपोआप नव्याने उतरवली जाते आणि इकडे तुम्ही आलेख बघून खूश होता. मी एकच गोष्ट मोजायचो: या महिन्यात किती अनोळखी लोकांनी असा प्रश्न विचारला, जो साधन खरोखर चालवल्याशिवाय सुचूच शकत नाही? 'हे विंडोजवर चालतं का' हा तसला प्रश्न नव्हे. 'टेबलस्पेस वेगळ्या डिस्कवर असली की रीस्टोअर मध्येच का अडकतो' हा आहे. असे प्रश्न महिन्याला दोन येत असतील तर नोकरी सोडू नका. आठवड्याला पाच येत असतील तर पुढचं वाचा.

तुमचं साधन वापरणारा आणि तुम्हाला पैसे देणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. ऐकायला हे साधं वाटतं, पण बहुतेक ओपन सोर्स कंपन्या इथेच चुकतात. वापरणारा अभियंता असतो. रात्री दीड वाजता त्याची काहीतरी अडचण झालेली असते, तो शोधतो, तुमचं साधन सापडतं, चालतं, तो झोपायला जातो. खर्च मंजूर करणं त्याच्या हातात नसतं आणि तुमच्याशी फोनवर बोलायची तर त्याची मुळीच इच्छा नसते. पैसे देणारा माणूस टर्मिनल कधी उघडत नाही. त्याच्या डोक्यात भलतेच प्रश्न असतात. हे दोघं उद्या कंटाळले तर? सुरक्षेतलं भोक सापडलं तर दुरुस्ती किती तासांत येईल? करारावर सही कोण करणार? ऑडिटरपुढे ठेवायला कागद आहे का?

आम्ही वापरणाऱ्यालाच गिऱ्हाईक समजलो. डॉक्युमेंटेशनच्या निम्म्या भागापुढे ईमेल मागणारा फॉर्म लावला, आणि जो ईमेल देईल त्याच्यामागे विक्रीची माणसं सोडली. लोकांनी खोटे पत्ते टाकले. एका वैतागलेल्या गृहस्थाने सगळं डॉक्युमेंटेशन उचलून स्वतःच्या साइटवर ठेवलं, आणि थोड्याच दिवसांत शोधात त्याची प्रत आमच्या वर दिसू लागली. आमच्याच लायसन्सने त्याला ती मुभा दिलेली होती, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? फॉर्म शेवटी काढला, पण तोवर इश्यूंमध्ये, म्हणजे लोक चुका आणि अडचणी नोंदवतात तिथे, आमच्याशी बोलण्याचा लोकांचा सूर बदलला होता. तो परत जागेवर यायला फार वेळ लागला.

म्हणून वापरणाऱ्याकडे काहीही मागू नका. त्याला असं एक पान करून द्या जे तो उचलून थेट वरिष्ठाला पाठवू शकेल. कुठल्या आवृत्तीला किती काळ दुरुस्त्या मिळणार, मदत किती वेळात मिळणार, सुरक्षेची तक्रार कुठे करायची, आणि किंमत. किंमत आकड्यात लिहा. दोन माणसांच्या कंपनीने 'दरांसाठी संपर्क साधा' असं लिहिलं तर कुणीही संपर्क साधत नाही. आमच्याकडे आलेले पहिले चारही पैसेवाले ग्राहक असेच, आतल्या एखाद्या अभियंत्याने पान पुढे ढकललं म्हणून आले.

सगळं फुकट असताना लोक पैसे कशाचे देतात, याचं उत्तर लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उभ्या राहिलेल्या रेड हॅट कंपनीने केव्हाच देऊन ठेवलं आहे. त्यांचे एक संस्थापक बॉब यंग केचपचा दाखला देत. केचप म्हणजे टोमॅटोचा मसालेदार लगदा, तो स्वयंपाकघरातही करता येतो. तरी लोक ओळखीच्या नावाची बाटली घेतात. लिनक्सचा कोड कुणालाही उतरवता येत होता. रेड हॅटने विकली ती तपासलेली, वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहणारी आवृत्ती, आणि काही बिघडलं तर फोन उचलणारं माणूस. २०१२ साली संपलेल्या आर्थिक वर्षात त्यांची उलाढाल १ अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. तुम्ही रेड हॅट नाही, हे मान्य. पण विकायची वस्तू तीच आहे.

तुमच्या विषयाचा तर मला खरं सांगायचं तर हेवा वाटतो. बॅकअपमध्ये जाहिरातीचा विषय आयता आहे, फक्त तो बॅकअप नाही, रीस्टोअर आहे, म्हणजे गेलेला डेटा परत उभा करणं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये, म्हणजे लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत, काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच. रेप्लिकेशन (मुख्य सर्व्हरवरचा डेटा दुय्यम सर्व्हरवर उतरवत राहणं) दुरुस्त करताना एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप बघायला गेले तर पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, बॅकअपची कमांड मात्र ९.२ ची चालत होती, त्यामुळे ती दर वेळी चूक दाखवून थांबायची. आणि चूक कळवणारे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. कुणीतरी सहज म्हणून सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत, होता, त्यावर निभावलं. पण गिटलॅबने हे सगळं लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवली, नोंदी सगळ्यांना वाचायला उघड्या ठेवल्या आणि नंतर सविस्तर कारणमीमांसा छापली. डेटा गमावूनही त्यांच्यावरचा लोकांचा विश्वास बऱ्यापैकी शाबूत राहिला तो यामुळे, असं माझं मत आहे.

यातून तुम्ही दोन गोष्टी उचला. एक, रीडमीतलं (प्रकल्पाच्या ओळखीच्या पानावरचं) पहिलं उदाहरण बॅकअप घेण्याचं न ठेवता परत उभा करण्याचं ठेवा: डेटाबेस मुद्दाम पाडा, एका कमांडने उठवा, किती वेळ लागला ते दाखवा. २०१३ च्या पायकॉन या पायथॉनवाल्यांच्या परिषदेत, प्रोग्राम डब्यात बंद करून कुठेही चालवणारं डॉकर पहिल्यांदा लोकांसमोर आलं ते पाचेक मिनिटांच्या छोट्या सादरीकरणात. वर्डप्रेस वर्षानुवर्षं 'पाच मिनिटांत इन्स्टॉल' हेच मिरवत आलं. नवा माणूस तुम्हाला तेवढाच वेळ देतो. दुसरी गोष्ट, बॅकअप फसताना पोस्टग्रेस जे जे संदेश दाखवतं, त्या प्रत्येक संदेशाचं जसंच्या तसं शीर्षक देऊन एकेक पान लिहा. कारण काय, उपाय काय, आणि उपाय तुमच्या साधनाशिवायचाही द्या. रात्री दीडचा तो माणूस संदेश तसाच्या तसा शोधात डकवतो. मी लिहिलेल्या सगळ्या मजकुरात हीच पानं सर्वांत जास्त वाचली गेली. घोषणा आणि 'आम्ही वेगळे का' छापाचे लेख मी आणि आमचे संस्थापक सोडून कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

लायसन्स हाही मार्केटिंगचाच भाग आहे, आणि तो कंपनी काढण्याआधी ठरवा. शोधाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकने २०२१ च्या जानेवारीत खुलं लायसन्स बदलून बंधनं घातली, ॲमेझॉनने फोर्क (जुन्या खुल्या कोडची स्वतंत्र शाखा) काढून ओपनसर्च उभं केलं. हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हर उभारणीच्या टेराफॉर्म या साधनाचं बदललं, काही आठवड्यांत ओपनटोफू हा फोर्क आला. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये तेच केलं, व्हॅल्की या फोर्कला तर काही दिवसच लागले. पुढे इलॅस्टिक आणि रेडिस दोघांनीही एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय दिला, पण फोर्क काही परत आले नाहीत. या कंपन्यांची अडचण खोटी नव्हती. मोठे क्लाउडवाले त्यांचं सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकत होते. राग आला तो दिलेला शब्द फिरवल्याचा. तुम्हाला पुढे काही भाग बंद ठेवावा लागेल असं वाटत असेल तर तो आजच बंद ठेवा. मोठ्या कंपन्यांचं एकत्रित लॉगिन, ऑडिटच्या नोंदी, पन्नास सर्व्हर एका जागी दाखवणारा फलक हे सगळं पैशाचं ठेवलं तर कुणी कुरकुर करत नाही. रीस्टोअर मात्र पैशाचं करू नका. ज्याचा डेटा गेलाय त्याच्यापुढे बिल धरणाऱ्याला लोक विसरत नाहीत.

नावाचं थोडक्यात. कोड कुणीही नेऊ शकतो, नाव नाही. ट्रेडमार्क नोंदवून टाका. २०१० मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचे बरेचसे डेव्हलपर बाहेर पडले आणि त्यांनी लिब्रेऑफिस काढलं. काम तिकडे गेलं, ओळखीचं नाव मागेच राहिलं. २०२० मध्येही लिब्रेऑफिसवाल्यांना उघडं पत्र लिहून विनवावं लागत होतं, की ओपनऑफिसवर येणाऱ्या लोकांना निदान आम्ही आहोत एवढं तरी सांगा. आणि 'फुकट' हा शब्द जाहिरातीतून काढा. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द, म्हणून १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हे नाव शोधावं लागलं. आपल्याकडे दोन शब्द असून आपण चुकीचा उचलतो.

फायरफॉक्ससारखी लोकवर्गणीची मोहीम करू का, असंही तुम्ही विचारलंय. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली, सुमारे दहा हजार देणगीदारांची नावं छापून. ती चालली कारण समोर इंटरनेट एक्सप्लोरर होता आणि त्याला कंटाळलेले लोक अमाप होते. बॅकअपच्या साधनाला असा खलनायक मिळत नाही. त्यापेक्षा ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या खुल्या साधनाचा मार्ग बघा. २००६ पासून ते आपल्याच साधनात लघुपट बनवतात. त्यात जे जे अडतं ते साधनात दुरुस्त होतं आणि लघुपट हीच जाहिरात ठरते. तुम्ही दर आठवड्याला एक मोठा डेटाबेस जाहीरपणे पाडून उठवा आणि निकाल साइटवर लावा. फसला तर फसलेलाही लावा.

आता पोस्ट. जिथे पोस्टग्रेसवाले आधीपासून प्रश्न विचारतात तिथे जा, उत्तरं द्या, साधन तुमचंच आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. एखाद्या बातम्यांच्या साइटवर पहिल्या पानावर आलात तर दोन दिवस गर्दी होईल, तिसऱ्या दिवशी ओसरेल. त्या दोन दिवसांत दोघांपैकी एकाने फक्त इश्यूंना उत्तरं द्यायची, नवा कोड लिहायचा नाही.

लिंक दिली होतीत म्हणून तुमचं रीडमी उघडून पाहिलं. वर लोगो आहे, मग आठ बॅज, मग आर्किटेक्चरची आकृती, आणि रीस्टोअरची कमांड तिसऱ्या स्क्रीनवर, तीही जुन्या पर्यायासकट. मी चालवून बघितली, चूक दाखवून थांबली. इश्यू टाकला आहे.