‘कैवारी’, ‘पाठीराखा’ की ‘सहयोगी मित्र’?

रायगड जिल्ह्यातील आजोळच्या आठवणी लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: त्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कातकरी कुटुंबांच्या बाजूने उभे राहण्याच्या इच्छेने हे लेखन चालले आहे, अशा बाहेरच्या माणसाला इंग्रजीत ‘अ‍ॅलाय’ म्हणतात, तर मराठीत कैवारी, पाठीराखा आणि साथीदार यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

माझ्या मते तिन्ही टाळावेत. कैवार घेतला जातो तो दुबळ्याचा, त्यामुळे ‘कातकऱ्यांचा कैवारी’ असे म्हणताच बोलणारा पुढे येतो आणि ज्यांच्याविषयी बोलायचे ते मुके ठरतात. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेत हेच दुखणे आहे: व्यासपीठावरून आदिवासींचे दुःख सांगणारे दुसरेच, आणि ज्यांचे ते दुःख ते मात्र खाली बसवलेले. ‘पाठीराखा’ हा प्रेमळ शब्द बहिणीच्या भावाला किंवा भक्ताच्या देवाला शोभतो. परंतु राखणारा समर्थ आणि राखला जाणारा असहाय, हे त्यातही गृहीत आहे. ‘साथीदार’ गायकाच्या तबलजीला आजही लागू पडतो, पण वर्तमानपत्रांतील गुन्हेवार्तांनी त्याची पत घालवली आहे.

मला योग्य वाटणारा शब्द गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या कामाशी जोडलेला आहे. मोहन हिराबाई हिरालाल हे या गावाशी दीर्घकाळ जोडलेले कार्यकर्ते होते; बाहेरून येऊन गावाला साथ देणाऱ्याच्या भूमिकेला ‘सहयोगी मित्र’ म्हटले गेले. शब्दामागची रचना अधिक मोलाची आहे. अभ्यासगटात गावकरी आणि बाहेरचे जाणकार बरोबरीने बसतात, कायदे समजून घेतात, वाद घालतात; निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते आणि तेथे मित्राला मत नसते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेतील ‘आम्ही’मध्ये हा मित्र मोडत नाही, हे त्याला मान्य असते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाने मिळवला, तो याच रीतीने काम करत.

तथापि शब्द बदलला आणि वाक्यांचे व्याकरण तसेच राहिले, तर उपयोग नाही. आपल्या मजकुरातील ‘आमचे कातकरी’, ‘आमच्याकडे ठेवले होते’ आणि ‘पावसाळा संपला की ते भट्टीवर निघून जात’ ही वाक्ये पुन्हा वाचावीत. पहिल्या दोन वाक्यांत मालकी आहे; तिसऱ्यात जणू ते आपल्या लहरीने जात. पावसाळ्याच्या अडचणीच्या दिवसांत दिलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे विटांच्या वा कोळशाच्या भट्टीवर नेली जातात, हे ज्याला ठाऊक आहे त्याने उचल देणाऱ्याला वाक्याचा कर्ता करावा. ती आजोबांनी दिली असेल आणि हिशेबाची वहीही त्यांच्याकडेच असेल, तर ‘आजोबा उचल देत आणि हिशेब तेच ठेवत’ असे सरळ लिहावे. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाल्यावर या व्यवसायाचा आधार तुटत गेला आणि मजुरी गळ्यात पडली, हेही त्या वाक्यांच्या मागे असावे. अनेक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. आपल्या आठवणीतील वाडीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे शोधून त्याच प्रकरणात नोंदवावे. माझ्या दृष्टीने आपल्या आत्मपरीक्षणाचे ते सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक पान ठरेल.

मजकुरात एके ठिकाणी ‘वनवासी’ आले आहे, ते काढावे. तो शब्द केवळ राहण्याचे ठिकाण सांगतो, तर ‘आदिवासी’ या शब्दात भूमीशी असलेल्या आद्य नात्याचा दावा आहे, आणि संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी त्याचाच आग्रह धरला होता. येथे मात्र ‘कातकरी’ पुरेसे आहे, आणि ज्यांची संमती मिळेल त्यांची नावे त्याहून चांगली. त्यासाठी मजकूर छापण्यापूर्वी वाडीत मोठ्याने वाचून दाखवावा आणि कोणी ‘असे नव्हते’ म्हटले, तर त्यांची हकिगत त्यांच्याच बोलीत, आपल्या हकिगतीशेजारी द्यावी.