क्यूओएस चालू केलं आणि कॉल आणखीच तुटायला लागले

प्रश्न : ऑफिसात आयपी फोन आहेत, बॅकअप सुरू झाला की आवाज तुटायचा म्हणून सिस्कोच्या कॅटॅलिस्ट 2960 स्विचवर 'एमएलएस क्यूओएस' कमांड दिली (क्यूओएस म्हणजे कुठल्या ट्रॅफिकला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणं), तर आता दिवसभर तुटतोय. काढून टाकू का?

उत्तर : नका काढू, काम अर्धंच झालंय तुमचं. ती कमांड दिली की स्विच कुठल्याच पोर्टवर विश्वास ठेवत नाही, म्हणजे फोनने पॅकेटवर डीएससीपी 46 (डीएससीपी म्हणजे पॅकेटचं प्राधान्य सांगणारा आकडा, 46 हा आवाजाचा) लिहून पाठवलं तरी स्विच ते पुसून 0 करतो, वर बफर (पॅकेट थांबायची जागा) चार रांगांत वाटला जातो आणि तुमचा आवाज बॅकअपच्याच रांगेत, आधीपेक्षा कमी जागेत उभा राहतो. मग तुटणारच ना.

आता फोनच्या पोर्टवर 'एमएलएस क्यूओएस ट्रस्ट कॉस' द्या, व्हॉइस व्हीलॅन (त्याच वायरवर फोनसाठी वेगळं नेटवर्क) असेलच, नसेल तर आधी तो करा कारण कॉस, म्हणजे प्राधान्याचा 0 ते 7 मधला आकडा, व्हीलॅनच्या टॅगमध्येच असतो. इथे डीएससीपी ट्रस्ट करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, फोनच्या मागे कॉम्प्युटर जोडलेला असतो आणि त्यातलं कुठलंही सॉफ्टवेअर स्वतःच्या पॅकेटवर 46 लिहू शकतं. राउटरकडे जाणाऱ्या अपलिंकवर मात्र 'ट्रस्ट डीएससीपी' हवंच, हे लोक हमखास विसरतात आणि मग समोरच्याचा आवाज तुटतो, आपला नीट जातो.

अजून एक, डिफॉल्टला कॉस 5 चं डीएससीपी 40 होतं, 46 नाही. या स्विचवर दोन्ही एकाच रांगेत जातात म्हणून लक्षात येत नाही, पण पुढे राउटरची पॉलिसी 46 बघत असेल तर तिथे आवाज साध्या ट्रॅफिकमध्ये पडतो. कॉस-डीएससीपी मॅपमध्ये सहावा आकडा 46 करा : 0 8 16 24 32 46 48 56. मग अपलिंकवर 'प्रायोरिटी-क्यू आउट', म्हणजे पहिली रांग रिकामी होईपर्यंत दुसऱ्या कुणाचा नंबर नाही. बाकीच्यांची उपासमार होईल ही भीती इथे नको, जी.711 (आवाज पॅकेटमध्ये भरायची नेहमीची पद्धत) चा एक कॉल इथरनेटवर एका दिशेला साधारण 87 केबीपीएस घेतो, 20 कॉल एकदम चालले तरी 2 एमबीपीएसच्या आत. पण व्हिडिओ किंवा बॅकअप त्या रांगेत घातलात तर मात्र खरंच उपासमार होईल.

झालं की बॅकअप चालू असताना एक कॉल लावा आणि अपलिंकवर 'शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस स्टॅटिस्टिक्स' बघा, बाहेर जाणाऱ्या डीएससीपीच्या तक्त्यात 46 चा आकडा वाढत असेल आणि पहिल्या रांगेत ड्रॉप (टाकून दिलेली पॅकेट) नसतील तर स्विचचं काम झालं, तरीही तुटलाच तर राउटरकडे वळा.