बर्लिनला शिकायला जाताना पहिल्या महिन्यात आधी काय करावं?

गोव्यातल्या डिचोलीहून गणेश चवथ आटोपून मास्टर्ससाठी बर्लिनला निघायचंय, व्हिसा हातात आहे, पण खोली ठरलेली नाही. तिथे उतरल्यावर आधी काय करायचं आणि सामानात काय न्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी पत्ता. बाकीची कामं त्याच्याच मागून सुटतात. जर्मनीत घरात राहायला गेल्यावर 14 दिवसांत त्या पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते, तिला अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट, अर्ज आणि 'ही व्यक्ती अमुक तारखेला इथे राहायला आली' असं घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. पुष्कळ जण नुसता भाडेकरार घेऊन जातात आणि परत पाठवले जातात. हे पत्र वेगळं असतं. नोंद झाली की काही आठवड्यांत कर-क्रमांक टपालाने येतो. तो नसताना नोकरी धरली तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. निवास परवान्यालाही या पत्त्याच्या नोंदीचाच दाखला लागतो आणि तुमचा व्हिसा बहुधा 3 ते 6 महिन्यांचाच असेल. म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी विचारा, "इथे अनमेल्डुंग होईल का?" नाही म्हणाले तर कितीही स्वस्त असो, लांब मुक्कामासाठी ती खोली धरू नका.

नोंदणी शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिक सेवा कार्यालयात) चालते, आपल्याच भागातलं कार्यालय शोधत बसू नका. वेळ मिळणं हीच खरी अडचण. सकाळी लवकर संकेतस्थळ बघा, रद्द झालेल्या वेळा मधूनच उघडतात. 115 या नंबरवरही वेळ मागता येते. तारीख 14 दिवसांपलीकडची मिळाली तर घ्या आणि बुकिंगचा कागद जपून ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट, पण तिच्यापायी महिनाभर खोळंबा होतो. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. तिथे घर क्रमांक 1, 2, 3 अशी फ्लॅटची ओळख सहसा नसते, नावावरच सगळं चालतं. कर-क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, सगळं टपालानेच येतं. राहायला गेल्या दिवशीच पेटीवर नाव लावा, नुसती चिठ्ठी चिकटवली तरी चालेल.

खोली न बघता पैसे पाठवू नका. 'मी परदेशात आहे, डिपॉझिट भरा, चावी कुरिअरने येईल' ही ठरलेली फसवणूक आहे. डिपॉझिट वीज-हीटिंग वगळून असलेल्या भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत भरायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. विद्यार्थी वसतिगृहाची यादी लांब असते, तरी अर्ज आजच करा.

ब्लॉक खात्यातले (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेलं खातं) वर्षाचे 11,904 युरो महिन्याला 992 असे सुटतात, पण तिथलं बँक खाते जोडल्यावरच. तोवर भाडं आणि डिपॉझिटचा पहिला हप्ता खिशातून जातो, म्हणून दीड-दोन हजार युरो फॉरेक्स कार्डावर हवेतच. विमा तिशीच्या आत असाल तर सरकारी पद्धतीचाच घ्या. महिना दीडशे युरोंच्या घरात जातो. एजंट स्वस्त खाजगी विमा गळ्यात मारतात, पण एकदा त्यासाठी सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत सरकारी विम्यात परतता येत नाही. (पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्यांना, म्हणजे युरोपीय संघाच्या नागरिकांना, व्हिसा, ब्लॉक खातं, कामाच्या दिवसांची मर्यादा यांतलं काही नाही, पत्त्याची नोंद आणि विमा मात्र त्यांनाही चुकत नाही.) तुम्हाला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येईल.

आता बुरशी. आपल्याकडे पावसात चामड्याच्या चपला हिरव्या होतात, ती ओल बाहेरून येते, म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. बर्लिनच्या थंडीत नेमकं उलटं. ओल आतली असते: हुमणाची (माशांच्या आमटीची) वाफ, आंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे. ती थंड भिंतीवर, बहुतेक कपाटामागच्या कोपऱ्यात, जमते आणि काळे ठिपके उठतात. घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापायला तेवढं कारण पुरतं. बाहेरची थंड हवा कोरडी असते. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून खिडकी सताड उघडा, 5 ते 10 मिनिटं, मग बंद. खिडकी दिवसभर तिरकी ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशी वाढते. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

सामानात सोलां (आमसुलं), तिरफळ, सुकी सुंगटां (कोलंबी) खुशाल न्या. माशांना वैयक्तिक वापरासाठी परवानगी आहे. तूप, पेढे, चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) नको, बाहेरून दूध-मांस आणायला युरोपीय संघात बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि मानकुराद आंबेही अडतात. नारळाला मुभा आहे, पण ओझं कशाला, किसलेला गोठवलेला नारळ आशियाई दुकानांत मिळतो. प्रेशर कुकर सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा घ्या, सोबत जास्तीची गॅस्केट. व्होल्टेज आपल्यासारखंच 230, फक्त मिक्सरच्या तीन पिनांना अडॅप्टर लागेल. जाड जॅकेट इथून घेऊ नका.

शक्यतो शनिवारी रात्री उतरणारं विमान टाळा. रविवारी दुकानं बंद असतात, 3 ऑक्टोबरलाही राष्ट्रीय सुट्टी. पोचायला उशीर झालाच तर मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट रविवारी उघडं असतं, दूध-पाव तिथून घ्या.