ऑनलाइन बसलेल्या सदस्याची हजेरी धरायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या स्थानिक संस्थेत काही सदस्यांना घरून सभेला बसू द्यायचं घाटतंय, त्याची नियमावली कशी करावी, आणि ‘लिंक पाठवली की झालं’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावं. मी अशा सभांची इतिवृत्तं लिहिण्याचं काम करतो, त्यामुळे माझं उत्तर जरा कारकुनी वळणाचं असेल.

आधी मूळ कायदा उघडा, नियमावली नंतर. ऑनलाइन सभेची मुभा संस्थेनं नुसता ठराव करून स्वतःला देऊन टाकली, असं बहुतेक ठिकाणी चालत नाही. ज्या कायद्यानं संस्था उभी आहे त्यात तशी सोय लागते. इंग्लंडमध्ये याचा चांगलाच अनुभव आला. साथीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, तिथं ऑनलाइन सभांसाठी खास नियम आले. पण ते ७ मे २०२१ च्या आधी होणाऱ्या सभांपुरतेच होते. मुदत संपत आली तेव्हा हर्टफर्डशायर काउंटी कौन्सिल (तिथली जिल्हा पातळीची संस्था) आणि इतर काही जण उच्च न्यायालयात गेले. स्थानिक संस्थांच्या १९७२ च्या मूळ कायद्यातही ऑनलाइन सभा बसते, असं त्यांचं म्हणणं होतं. २८ एप्रिलला निकाल लागला: बसत नाही, सभा म्हणजे एका प्रत्यक्ष जागी जमणं, आणि हजर म्हणजे तिथं अंगानं हजर. त्यानंतर तिथल्या सदस्याला घरून बघता येई, अध्यक्षांनी परवानगी दिली तर बोलताही येई, पण मत नाही आणि हजेरीही नाही. त्याच कायद्यात सलग सहा महिने गैरहजर राहिल्यास सदस्यत्व जाण्याची तरतूद आहे, म्हणजे घरून इमानेइतबारे प्रत्येक सभा ऐकणाराही कागदावर गैरहजरच. शेजारच्या वेल्सनं मात्र २०२१ च्या कायद्यात ही सोय कायमची करून टाकली.

समजा तुमचा कायदा परवानगी देतो. मग पहिला वाद गणपूर्तीचा, म्हणजे कोरमचा: सभा वैध ठरायला लागणारी किमान हजेरी. ऑनलाइन सदस्य कोरममध्ये धरायचा की नाही, हे स्पष्ट लिहा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मूळ नियमात कोरम प्रत्यक्ष जागीच लागतो आणि सभा चालवणाराही तिथंच बसलेला असावा लागतो (साथीपासून तिथं सवलत चालू आहे, पण मूळ नियम हा). कॅलिफोर्नियात २०२२ च्या दुरुस्तीनं सदस्याला ठराविक कारणांसाठी घरून बसण्याची मुभा दिली, तीही कोरम एकाच प्रत्यक्ष जागी जमला तरच. मला ही अट पटते. सभागृहात चार माणसं बसलेली असली की लिंक गेली तरी सभा उरते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा: लिंक तुटली तर काय? बहुतेक मसुद्यांत यावर एक ओळ असते, ‘तांत्रिक अडचण आल्यास अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील.’ ही ओळ काही कामाची नाही. खरं काय घडतं ते बघा. सूचक उठतो, अनुमोदक होतो, चर्चा सुरू होते. ऑनलाइन बसलेले एक सदस्य मधेच गोठतात, तोंड अर्धं उघडं. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पडद्यावर चौकोन दिसतोच आहे. मतदान पुकारलं जातं तेव्हा ते परत येतात आणि म्हणतात, ‘माझं बाजूनं.’ चर्चेचा किती भाग त्यांनी ऐकला? उपसूचना ऐकली का? ठराव एका मतानं पास झाला असेल तर विरोधी बाजू नेमकं हेच विचारणार, आणि त्यांचं काही चुकत नाही.

म्हणून नियमात तीन गोष्टी लागतात. सदस्य तुटला ती वेळ आणि परत आला ती वेळ इतिवृत्तात जाईल. मॅसॅच्युसेट्सचा नियम तुटण्याची नोंद मागतोच. ज्या विषयाच्या चर्चेत तो नव्हता त्यावर त्याचं मत धरणार की चर्चेचा सारांश वाचून पुन्हा विचारणार, हे आधीच ठरलेलं असेल. आणि लोकांसाठीचं प्रक्षेपणच बंद पडलं तर ते सुरू होईपर्यंत कुठलाही ठराव होणार नाही. ही तिसरी अट कॅलिफोर्नियाच्या त्याच दुरुस्तीत आहे आणि ती जशीच्या तशी उचलावी. लोकांना दिसत नसताना झालेला निर्णय बंद दाराआड झाल्यासारखाच.

मतदान नाव पुकारून घ्या, प्रत्येक वेळी. हात वर केल्याचं चिन्ह, चॅटमधलं ‘होय’, अंगठा, यातलं काही धरू नका. वेळ जातो हे खरं, जाऊ द्या. अंगठ्याचा अर्थ नंतर कुणी काढत बसायचा?

कॅमेरा सक्तीचा असावा का, यावर लोक तावातावानं भांडतात. वेल्सनं मधला मार्ग काढला आहे: एकमेकांशी बोलता आणि ऐकता येणं सगळीकडे लागतं, एकमेकांना दिसणं मात्र प्रक्षेपित होणाऱ्या मोठ्या सभांसाठी. गोपनीय विषय असेल तेव्हा मात्र मी कॅमेऱ्यावर अडून बसेन, आणि खोलीत दुसरं कुणी आहे का हेही विचारेन. कॅलिफोर्नियात तर १८ वर्षांचं किंवा त्याहून मोठं कुणी खोलीत असेल तर सदस्यानं ते मतदानाआधी जाहीर करायचं, नातं काय तेही सांगायचं. आपल्याकडच्या संकोची माणसाला हे जड जाईल, पण टेंडरच्या चर्चेत पडद्याबाहेरून कोण कानात सांगतंय हे बाकीच्यांना कळायला नको?

सभेची किल्ली कुणाकडे, हेही लिहा. डिसेंबर २०२० मध्ये हँडफोर्थ या इंग्लंडमधल्या छोट्या पॅरिश कौन्सिलच्या (आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था) झूम सभेत भांडण पेटलं. सभा चालवायला मदत करणाऱ्या जॅकी वीव्हर यांनी अध्यक्षालाच बाहेरच्या प्रतीक्षागृहात टाकलं, आणि तो व्हिडिओ पुढच्या फेब्रुवारीत जगभर फिरला. लोक हसले. पण प्रश्न खराच आहे: म्यूट करण्याचा, बाहेर काढण्याचा अधिकार नियमानं कुणाला? बटण सचिवाच्या हाती असावं आणि हुकूम अध्यक्षाचा, नोंदीसह. अध्यक्षालाच आवरायची वेळ आली तर सभेचा ठराव.

नागरिकांचा मुद्दा इथं थोडक्यात सांगतो: लिंक अजेंड्यासोबतच छापा, आणि बोलायची वेळ सभागृहात आलेल्यांना जितकी तितकीच फोनवरच्यांनाही द्या. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी सभागृहाचं दार उघडं ठेवायचंच आहे.

मसुदा तयार झाला की मंजुरीला ठेवण्याआधी एक लुटुपुटूची सभा घ्या. एखादा वादाचा विषय निवडा, आणि मतदानाच्या ऐन वेळी नेट बंद करायला एकाला आधीच सांगून ठेवा, बाकीच्यांना कळू न देता. मग सगळ्यांनी मसुदा उघडून आता काय करायचं ते त्यात सापडतं का बघा. सापडलं नाही तर ते कलम पुन्हा लिहा.